प्रोग्रामिंग शिकायचे आहे? आधी हातातले घड्याळ नीट वाचा

प्रोग्रामिंग शिकू पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न भाषेचा विचारतो. पायथन घ्यावी, जावा घ्यावी की थेट सी पासून सुरुवात करावी, या खलात कित्येकांचे पहिले काही आठवडे निघून जातात आणि तोवर त्यांनी एकही अट किंवा एकही लूप (म्हणजे पुन्हा पुन्हा करायचे काम) स्वतःच्या डोक्याने रचलेला नसतो. या लेखात भाषेचा प्रश्न मी मुद्दाम तिसऱ्या पायरीपर्यंत पुढे ढकलला आहे. अवस्था, चल, अट, पुनरावृत्ती, अचूकतेची मर्यादा या संकल्पना कोणत्याही एका भाषेच्या मालकीच्या नाहीत. त्या आपल्या मनगटावरच्या आणि टेबलावरच्या साध्या उपकरणांत आधीपासून काम करत असतात आणि तिथे त्या बोटाने दाबून पाहता येतात.

मला स्वतःला मोठ्या पडद्याच्या आणि शेकडो सोयींच्या उपकरणांपेक्षा एकच काम नेटके करणारी, खरी बटणे असलेली लहान उपकरणे अधिक आवडतात. यात हौसेचा भाग आहेच, पण शिकण्याच्या दृष्टीनेही ती सोयीची ठरतात. स्मार्टफोनच्या पडद्याआड सॉफ्टवेअरचे इतके थर चालू असतात की एका स्पर्शामागे नेमके काय घडले हे नवशिक्याला कळण्याचा संभवच नसतो. तीन बटणांच्या घड्याळात जे घडते ते सगळे एका कागदावर मावते. म्हणून इथे तीन उपकरणे घेतली आहेत: डिजिटल घड्याळ, साधा कॅलक्युलेटर आणि प्रोग्राम करता येणारा एक छोटा बोर्ड. पहिली दोन बहुधा हाताशी असतातच. तिसरे चौथ्या पायरीपूर्वी विकत घेऊ नये.

पहिली पायरी: घड्याळाचा तक्ता

माझ्या आवडत्या उपकरणांत कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ सर्वांत वर आहे. ते १९८९ साली बाजारात आले आणि रूप फारसे न बदलता आजही विकले जाते. तुमच्याकडे दुसरे कोणतेही बटणांचे डिजिटल घड्याळ असले तरी चालेल, फक्त पुढील तपशील त्यानुसार बदलून घ्या.

या घड्याळाला तीन बटणे आहेत. डावीकडचे खालचे बटण मोड बदलते: वेळ, गजर, स्टॉपवॉच, वेळ लावणे आणि पुन्हा वेळ. आता उजवीकडचे बटण पाहा. वेळेच्या पडद्यावर ते १२ तासांची पद्धत बदलून २४ तासांची करते, गजराच्या पडद्यावर गजर चालू-बंद करते, स्टॉपवॉचमध्ये मोजणी सुरू करते किंवा थांबवते आणि वेळ लावताना निवडलेला आकडा एकेकाने वाढवते. बटण तेच आणि बोटही तेच, पण परिणाम चार. घड्याळ ‘आपण सध्या कुठे आहोत’ हे कुठेतरी लक्षात ठेवते आणि बटण दाबले गेले की आधी तिकडे पाहून मग काय करायचे ते ठरवते. या लक्षात ठेवलेल्या गोष्टीला प्रोग्रामिंगमध्ये अवस्था म्हणतात, आणि माझ्या मते नवशिक्याने सर्वांत आधी शिकावी अशी संकल्पना हीच आहे, जरी बहुतेक पाठ्यक्रमांत ती फार उशिरा येते.

एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूस एकाखाली एक चार अवस्था लिहा, वरच्या ओळीत तीन बटणे लिहा, आणि तयार झालेल्या १२ चौकटींत प्रत्येक वेळी काय घडते ते घड्याळावर प्रत्यक्ष दाबून पाहून भरा. हे काम दहा मिनिटांचे वाटते, पण स्टॉपवॉचच्या ओळीपाशी तुम्ही अडाल, कारण तिथे एका चौकटीत एक उत्तर बसत नाही. शून्यावर थांबलेले, धावणारे, मध्येच थांबवलेले, आणि आतून धावत असताना टप्प्याची वेळ दाखवून पडदा गोठवलेले, अशा स्टॉपवॉचच्या स्वतःच्याच चार अवस्था आहेत. तेव्हा त्या एका ओळीच्या चार ओळी कराव्या लागतात. त्यातही शेवटची अवस्था विशेष लक्ष देण्याजोगी आहे: पडद्यावर दिसणारा आकडा स्थिर असतो आणि आतला आकडा पुढे जात असतो. उपकरणाला जे माहीत आहे आणि उपकरण जे दाखवते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबसाइट असो वा मोबाइलचे ॲप, पुढे भेटणाऱ्या कितीतरी चुका या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच होतात.

याच घड्याळात दुसरा एक धडा दडलेला आहे. ते तारीख आणि वार दाखवते, पण वर्ष ठेवत नाही. त्यामुळे फेब्रुवारी त्याच्या दृष्टीने नेहमी २८ दिवसांचाच असतो आणि लीप वर्षात तारीख हाताने दुरुस्त करावी लागते. काहींना हा दोष वाटतो. मला तो हिशेबी निर्णय वाटतो, कारण चार वर्षांतून एकदा दोन बटणे दाबण्याचा त्रास वाचवण्यासाठी आणखी एक आकडा साठवणे, तो लावण्यासाठी आणखी एक पडदा देणे आणि त्यासाठी तक्त्यात आणखी एक ओळ वाढवणे हे रचणाऱ्याला परवडले नसावे. प्रत्येक सोय तक्ता वाढवते, हे कागदावर चौकटी भरलेल्या माणसाला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

घड्याळ ठेवण्यापूर्वी एका संख्येची ओळख करून घ्या: ३२,७६८. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला इतक्या वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात. ती पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो, म्हणजे बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो, आणि निम्मे करणे हे इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी सर्वांत स्वस्त काम असते. संगणकाच्या जगात दोनचे घात सतत का भेटतात, याचे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे मला माहीत नाही. ही संख्या चौथ्या पायरीत पुन्हा भेटेल, तेव्हा मात्र ती त्रास देईल.

दुसरी पायरी: कॅलक्युलेटर कुठे चुकतो ते पाहा

आठ अंकांचा साधा कॅलक्युलेटर घ्या. एम-प्लस आणि एम-आर-सी या कळा बहुतेक लोक कधी वापरत नाहीत, पण चल म्हणजे काय ते त्यांच्यातच आहे. स्मृतीत एक जागा आहे, तिला नाव आहे, तिच्यात मूल्य ठेवता येते, वाढवता येते, परत मागवता येते आणि पुसता येते. पाच-सहा संख्यांची बेरीज एम-प्लसने करून पाहा. ‘आधीचे मूल्य घ्या, त्यात नवे मिळवा, तिथेच परत ठेवा’ ही कृती पुढे तुम्ही प्रत्येक भाषेत हजारो वेळा लिहिणार आहात. शाळेतल्या बीजगणितामुळे ‘क बरोबर क अधिक १’ हे वाक्य पाहून पुष्कळ जण दचकतात. तिथले ‘बरोबर’ हे समीकरण नाही, ती आज्ञा आहे. उजवीकडचे उत्तर काढून डावीकडच्या डब्यात ठेवायचे, एवढाच तिचा अर्थ.

मग ओळीने दोन अधिक तीन गुणिले चार असे दाबा. साधा कॅलक्युलेटर २० दाखवील, कारण तो प्रत्येक चिन्हाला मागचा हिशेब उरकून टाकतो. सायंटिफिक कॅलक्युलेटर १४ दाखवील, कारण तो गुणाकाराला अग्रक्रम देतो. दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने बरोबर आहेत. प्रोग्रामिंग भाषा सहसा दुसऱ्या प्रकारच्या असतात, तरी शंका असेल तिथे कंस घालावा. कंसाने यंत्राचे काही बिघडत नाही आणि वाचणाऱ्याचे काम सोपे होते.

यापुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. एक भागिले तीन करा आणि येणाऱ्या उत्तराला तीनने गुणा. साध्या यंत्रावर १ ऐवजी ०.९९९९९९९ दिसेल. तिसरा हिस्सा दशमानात कधी संपत नाही, आठ अंकांवर तो कापावा लागतो आणि कापलेला तुकडा परत मिळत नाही. संगणक दशमानाऐवजी द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ हे दोन अंक, वापरतो, त्यामुळे तिथे हीच अडचण एक दशांशासारख्या आपल्याला निरुपद्रवी वाटणाऱ्या संख्येलाही येते. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारल्यास उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. हा पायथनचा दोष नाही. अपूर्णांक साठवण्याचा जो प्रमाण नियम १९८५ पासून रूढ आहे, तो पाळणाऱ्या बहुतेक भाषांत हेच उत्तर मिळते.

ही केवळ गंमत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने येणारे क्षेपणास्त्र अडवले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजत होती, सेकंद काढताना एक दशांशाचे २४ बिटांत, म्हणजे २४ द्विमान अंकांत, कापलेले रूप वापरत होती, आणि सुमारे १०० तास सलग चालू राहिल्यामुळे ती बारीकशी चूक साचत साचत सुमारे ०.३४ सेकंदांपर्यंत पोहोचली होती. इतक्या अवधीत वेगवान क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे गेलेले असते.

नवशिक्याने यातून दोन सवयी लावून घ्याव्यात. पैशांचा हिशेब अपूर्णांकांत न ठेवता चलनाच्या सर्वांत लहान एककात, म्हणजे पूर्णांकात ठेवावा. आणि दोन अपूर्णांक ‘अगदी समान आहेत का’ असे न विचारता ‘त्यांच्यातला फरक नगण्य आहे का’ असे विचारावे.

तिसरी पायरी: आधी मराठीत, मग भाषेत

आता भाषेचा प्रश्न. मी पायथन सुचवते, आणि त्यामागचे कारण तिची लोकप्रियता नाही. पुढच्या पायरीतल्या छोट्या बोर्डवर मायक्रोपायथन नावाची तिचीच आटोपशीर आवृत्ती चालते, त्यामुळे संगणकावर शिकलेले बोर्डवर जसेच्या तसे उपयोगी पडते. सोबत प्रोग्राम लिहिण्यासाठी थॉनी नावाचा मोफत एडिटर घ्यावा. तो नवशिक्यांसाठीच बनवलेला आहे, प्रोग्राम एकेक ओळ चालवून दाखवतो, चलांची चालू मूल्ये बाजूला मांडतो आणि बोर्डशीही थेट बोलतो.

पहिला प्रोग्राम म्हणून स्टॉपवॉच घ्या, पण लगेच टंकायला बसू नका. पहिल्या पायरीतल्या तक्त्यावरून तो आधी मराठीत लिहा. बटण दाबले गेल्यावर काय करायचे, याचा पहिला खर्डा बहुतेक जण असा लिहितात:

जर अवस्था ‘थांबलेली’ असेल, तर सुरुवातीची वेळ टिपा आणि अवस्था ‘चालू’ करा.
जर अवस्था ‘चालू’ असेल, तर गेलेला वेळ काढा आणि अवस्था ‘थांबलेली’ करा.

वाचायला हे निर्दोष वाटते, पण असे लिहिलेले स्टॉपवॉच कधीच सुरू होणार नाही. यंत्र वरून खाली वाचत जाते. पहिल्या ओळीने अवस्था ‘चालू’ केली आणि लगेच दुसऱ्या ओळीने विचारले की अवस्था ‘चालू’ आहे का. ती आत्ताच झालेली असल्यामुळे उत्तर ‘होय’ येते आणि स्टॉपवॉच सुरू होताक्षणी थांबते. माणूस वाचताना ‘बटण दाबण्यापूर्वीची अवस्था’ असा अर्थ मनातल्या मनात घालतो. यंत्र तसे काही घालत नाही. उपाय एका शब्दाचा आहे: दुसऱ्या ओळीची सुरुवात ‘नाहीतर जर’ अशी करायची, म्हणजे पहिली अट लागू झाल्यास दुसरी तपासलीच जात नाही. प्रोग्राम चालतो पण अपेक्षित काम करत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नवशिक्यांच्या कोडमध्ये मी सर्वांत आधी हीच जागा पाहते, आणि पुष्कळदा चूक तिथेच सापडते.

स्टॉपवॉचचा दुसरा भाग म्हणजे गेलेला वेळ मिनिटे, सेकंद आणि शतांश सेकंद अशा रूपात दाखवणे. हे काम वेगळे काढून त्याला स्वतंत्र नाव द्यावे. अशा नाव दिलेल्या कामाला फंक्शन म्हणतात. त्याला शतांश सेकंदांची एकूण संख्या द्यायची आणि त्याने दाखवायचा मजकूर परत करायचा, इतकाच त्याचा संसार असावा; त्याने बटणाकडे, अवस्थेकडे किंवा पडद्याकडे डोकावू नये. आतला हिशेब शाळेतलाच आहे. ८,३४५ ला १०० ने भागले की ८३ सेकंद येतात आणि बाकी ४५ उरते. ८३ ला ६० ने भागले की १ मिनिट येते आणि बाकी २३ उरते. उत्तर १ मिनिट २३.४५ सेकंद. भागाकार आणि बाकी ही जोडी प्रोग्रामिंगमध्ये इतक्या ठिकाणी कामाला येते की बाकी काढण्यासाठी भाषांनी वेगळे चिन्हच राखून ठेवले आहे.

फंक्शन लिहून झाले की त्याची परीक्षा घ्या, आणि परीक्षेसाठी मधल्या नव्हे, काठावरच्या संख्या निवडा: ०, ९९, १००, ५,९९९, ६,०००, ३,५९,९९९ आणि ३,६०,०००. एफ-९१डब्ल्यूचे स्टॉपवॉच ५९ मिनिटे ५९.९९ सेकंदांपर्यंतच मोजते, म्हणजे ३,६०,००० या संख्येला तुमच्या प्रोग्रामने काय करावे हे तुम्हाला ठरवावे लागेल. शून्यावर यावे, तास दाखवावा की ६० मिनिटे लिहावीत? यंत्राला यांतले काहीही चालते, आणि तुम्ही ठरवले नाहीत तर ते आपोआप काहीतरी ठरून बसेल.

चौथी पायरी: बोर्ड

इथवर आलात तर आता खरेदीला हरकत नाही. पर्याय पुष्कळ आहेत, पण नवशिक्यासमोर मी तीनच ठेवते. मायक्रोबिट हा बीबीसीच्या उपक्रमातून २०१६ साली ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या हाती पोहोचलेला बोर्ड; त्यावर २५ एलईडींचा चौकोनी पडदा, दोन बटणे, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि होकायंत्र आधीच बसवलेले असल्यामुळे एकही तार न जोडता शिकता येते. रास्पबेरी पाय पिको हा जानेवारी २०२१ मध्ये आलेला बोर्ड अधिक ताकदीचा आहे, त्यात २६४ किलोबाइट स्मृती आहे, पण बटणे आणि दिवे बाहेरून जोडावे लागतात. आर्डुइनो उनो या दोहोंपेक्षा जुना. त्याच्या मूळ प्रकारात अवघी २ किलोबाइट स्मृती आहे, त्यावर मायक्रोपायथन चालत नाही आणि सी-प्लस-प्लसच्या वळणाची भाषा वापरावी लागते, मात्र त्याच्याविषयी लिहिले गेलेले साहित्य अफाट आहे. तारांची भीती वाटत असेल तर मायक्रोबिट घ्या, नसेल तर पिको. माझा स्वतःचा जीव पिकोवर आहे. तो घेताना तारा जोडायच्या पिना आधीच डाखलेला प्रकार मागावा, अन्यथा पहिल्याच दिवशी सोल्डरिंग शिकण्याची वेळ येते.

पुढील वर्णन पिकोला धरून आहे. त्यावर मायक्रोपायथन चढवण्यासाठी बोर्डवरचे एकमेव बटण दाबून धरून तो यूएसबी केबलने संगणकाला जोडायचा; मग तो पेन ड्राइव्हसारखा दिसू लागतो आणि मायक्रोपायथनची फाइल त्यात ओढून टाकली की काम होते. बोर्ड दिसलाच नाही, तर सर्वांत आधी केबल बदला. काही केबलींत फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहितीच्या नसतात, आणि बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही. मी एकदा अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर आणि सेटिंग यांच्यामागे घालवली होती आणि दोष एका जुन्या चार्जरसोबत आलेल्या केबलचा निघाला. तेव्हापासून माहितीच्या केबलीला मी रंगीत दोरा बांधून ठेवते.

पहिला प्रयोग ठरलेला आहे: बोर्डवरचा एलईडी अर्धा सेकंद लावा, अर्धा सेकंद विझवा, हे अखंड करत राहा. इथे लूप आपोआप समजतो. दुसऱ्या प्रयोगात बटण जोडा: एक टोक पिनला, दुसरे ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या पिनला), आणि प्रोग्राममध्ये त्या पिनचा अंतर्गत पुल-अप चालू करा. पुल-अप चालू केला नाही तर बटण न दाबलेल्या स्थितीत पिन कशालाच जोडलेली नसते आणि आजूबाजूच्या विद्युत गोंगाटाप्रमाणे कधी ० कधी १ वाचते. पुल-अपमुळे ती एरवी १ वाचते आणि बटण दाबल्यावर ० वाचते. हे उलटे वाटते, पण दोन दिवसांत अंगवळणी पडते. बाहेरचा एलईडी जोडल्यास सोबत प्रवाह मर्यादेत ठेवणारा ३३० ओहमचा रेझिस्टर हवाच, आणि पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या असल्यामुळे त्यांना ५ व्होल्ट कधीही देऊ नये.

आता हे दोन प्रयोग एकत्र करा: दिवा लुकलुकत राहावा आणि बटण दाबले की आकडा एकने वाढावा. इथे एकामागोमाग एक तीन अडचणी येतील, आणि बोर्ड घेण्याचे खरे सार्थक त्यांतच आहे.

पहिली अडचण अशी की बटण कधी लागते, कधी लागत नाही. ‘अर्धा सेकंद थांबा’ या आज्ञेचा अर्थ अर्धा सेकंद सगळेच थांबा असा होतो. त्या काळात बटणाकडे पाहणारे कोणी नसते. म्हणून थांबायचे नाही, घड्याळ पाहायचे. दिवा शेवटचा कधी बदलला ती वेळ एका चलात ठेवा, लूपच्या प्रत्येक फेरीत ‘आत्ताची वेळ वजा ती वेळ ५०० मिलिसेकंदांहून अधिक झाली का’ एवढेच विचारा, झाली असेल तर दिवा बदला, नसेल तर पुढे चला आणि बटण पाहा. शेगडीवर दूध ठेवून त्याच्यासमोर उभे राहणे आणि इतर कामे करता करता त्याच्यावर नजर ठेवणे, यांत जो फरक आहे तोच हा.

दुसरी अडचण म्हणजे बटण एकदा दाबले तरी आकडा दोन-तीनने वाढतो. बटणाच्या आतील धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळून काही मिलिसेकंद उसळत राहतात. माणसाला ते जाणवत नाही, पण बोर्ड त्या वेळात हजारो वेळा पाहून घेतो आणि प्रत्येक उसळी नवे दाबणे समजतो. एक दाबणे मोजल्यावर पुढचे २० ते ५० मिलिसेकंद बटणाकडे दुर्लक्ष करावे. हे करताना लक्षात येईल की आपल्याला ‘बटण दाबलेले आहे का’ हे नको आहे, ‘मघाशी दाबलेले नव्हते आणि आता दाबलेले आहे का’ हे हवे आहे, म्हणजेच मागची अवस्था लक्षात ठेवणे आले. तक्ता पुन्हा काढा.

तिसरी अडचण लगेच दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक. मूळ आर्डुइनो उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यात सेकंद मोजल्यास ९ तास ६ मिनिटे ७ सेकंदांपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि पुढच्याच सेकंदाला आकडा उणे ३२,७६८ होतो. घड्याळातली ती संख्या अशी परत भेटते. त्याच बोर्डचा मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तेव्हा ‘आत्ताची वेळ ही सुरुवात अधिक कालावधी यांहून मोठी आहे का’ असे लिहिणाऱ्याचा प्रोग्राम बिघडू शकतो, आणि ‘आत्ताची वेळ वजा सुरुवात’ असे लिहिणाऱ्याचा चालत राहतो, कारण चिन्हरहित (उणे संख्या नसलेली) वजाबाकी वळसा घालूनही बरोबर अंतर देते. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात, पण मायक्रोपायथनच्या मिलिसेकंद काउंटरलाही वळसा आहे. तिथे साधी वजाबाकी न करता त्यासाठी दिलेले फरक काढणारे फंक्शन वापरावे. प्रोग्राम पाच मिनिटे चालला म्हणजे तो चालतो असे नव्हे, हे मला अशाच एका दिव्याने शिकवले. तो सात आठवडे मुकाट्याने लुकलुकून एका पहाटे थांबला होता.

पाचवी पायरी: चुकांची वही

चुका शोधण्याचे तंत्र शिकवले जात नाही, ते अंगी येते अशी समजूत आहे. मला ती मान्य नाही. एक वही ठेवा आणि अडल्यावर तीन गोष्टी लिहा: काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि आत्ताच काय बदलले. पुष्कळदा तिसरी गोष्ट लिहिता लिहिताच उत्तर सापडते. एका वेळी एकच बदल करा. चूक कुठे आहे ते कळत नसेल तर प्रोग्रामच्या मध्यावर चलांची मूल्ये छापा. ती बरोबर असतील तर चूक खालच्या अर्ध्यात, चुकीची असतील तर वरच्या अर्ध्यात. अशा रीतीने दर वेळी निम्मे करत गेल्यास १,००० ओळींत चुकलेली ओळ जेमतेम दहा तपासण्यांत हाती लागते.

वहीची परंपरा जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये (विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचमध्ये) अडकलेला पतंग हा किडा तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला होता. दोषाला ‘बग’ (म्हणजे किडा) म्हणण्याची पद्धत त्याही आधीची, एडिसनच्या काळातली आहे, त्यामुळे शब्दाचे श्रेय त्या पतंगाला देणे बरोबर नाही. पण नोंद ठेवण्याच्या शिस्तीचे श्रेय वही लिहिणाऱ्यांना जरूर द्यावे. प्रोग्रामच्या आवृत्त्या जपण्यासाठी गिट हे साधन शिकावे लागेल, मात्र पहिल्या महिन्यात तारखेच्या नावाचे फोल्डर पुरते.

सहावी पायरी: स्वतःचे घड्याळ

आता सुरुवातीचा तक्ता पुन्हा समोर ठेवा आणि पिकोवर तीन बटणे आणि एक छोटा ओएलईडी पडदा जोडून तेच घड्याळ स्वतः बनवा. दुसरे काही विकत घेऊ नका. चाळीस सेन्सर्सचा संच घेणारे लोक प्रत्येक सेन्सर एकदा चालवून पाहतात आणि एकही गोष्ट पुरी करत नाहीत. आधी फक्त वेळ, मग मोड बदलणे, मग स्टॉपवॉच, आणि गजर सर्वांत शेवटी, कारण तो कोणताही पडदा दिसत असताना वाजला पाहिजे.

चालू झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की तुमचे घड्याळ बॅटरीवर काही दिवसही टिकत नाही, आणि कॅसिओचे एका छोट्या सेलवर सुमारे सात वर्षे चालते. तुमचा लूप सेकंदाला हजारो वेळा ‘बटण दाबले का’ असे विचारत जागा राहतो. बटणानेच उठवावे आणि एरवी झोपून राहावे, या पद्धतीला इंटरप्ट म्हणतात; ती आणि झोपेच्या आज्ञा या टप्प्यावर वाचाव्यात, आधी नव्हे. माझे दुसरे आवडते उपकरण, ई-इंक पडद्याचे ई-पुस्तक वाचण्याचे यंत्र, याच कंजूषपणावर उभे आहे. त्याच्या पडद्यातले काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की वीज न घेता तसेच राहतात आणि पान उलटतानाच काय ती वीज लागते.

शेवटी, मूळ घड्याळात नसलेले वर्ष तुमच्या घड्याळात घाला. लीप वर्षाची अट मराठीत लिहून मगच टंका: वर्षाला ४ ने भाग जात असेल आणि १०० ने जात नसेल, किंवा ४०० ने जात असेल, तर फेब्रुवारी २९ दिवसांचा. मग घड्याळ २८ फेब्रुवारीच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५० सेकंदांवर लावून दहा सेकंद थांबा. २०२७ मध्ये १ मार्च यायला हवा, २०२८ मध्ये २९ फेब्रुवारी, २००० मध्येही २९ फेब्रुवारी, आणि २१०० मध्ये पुन्हा १ मार्च. चौथे उत्तर चुकले, तर अटीतल्या ‘आणि’ व ‘किंवा’ यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहा.